पुण्यात राहतो, पण घर अजून नगरलाच आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही मूळचे नगरचे. यजमानांची नोकरी खराडीला, म्हणून गेल्या जूनमध्ये बिऱ्हाड पुण्याला हलवलं. वडगाव शेरीत भाड्याचा फ्लॅट आहे. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत, सासूबाई आमच्यासोबत. रविवारी नगरच्या चर्चची उपासना मोबाइलवर लावतो, नाहीतर गाडी काढून नगरलाच जातो. पुण्यात अजून कुठल्या मंडळीत नाव घातलेलं नाही, कारण पुढच्या वर्षी हिंजवडीला जावं लागेल असं यजमान म्हणतात. मुलीला इंग्रजी चर्चला जायचंय. सासूबाई रोज म्हणतात, मला माझ्या घरी नेऊन सोडा. हे घर आपलं कधी वाटेल?"

ताई, मी पुण्यात ख्रिस्ती कुटुंबांसाठी समुपदेशनाचं काम करते. नगर, श्रीरामपूर, जालना, नाशिक, सोलापूर अशा ठिकाणांहून आलेली घरं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं तुमच्यासारखंच असतं. तुमच्या पत्रात सासूबाई, मुलगी, चर्च, भाषा असे चार-पाच प्रश्न आहेत. माझ्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: "पुढच्या वर्षी हिंजवडीला जावं लागेल." या एका वाक्यामुळे तुम्ही पुण्यात राहायला सुरुवातच केलेली नाही. सामान लागलं, गॅसचं कनेक्शन झालं, मुलं शाळेत गेली, पण घर मनाने अजून वाटेवरच आहे.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. तो कागद माणसाला सतत सांगत राहतो की तू इथला नाहीस. भिंतीवर खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा, कुंड्या ठेवायच्या तर पुढच्या घरी गॅलरी असेल का याचा विचार करा. हळूहळू ही सवय माणसांच्या बाबतीतही लागते. शेजारणीशी ओळख कशाला वाढवायची, मंडळीत नाव कशाला घालायचं, मुलाला संडे स्कूलमध्ये कशाला गुंतवायचं. अकरा महिन्यांनी करार वाढतो, हिंजवडीची बदली लांबते, आणि कुटुंब तीन-चार वर्षं कुठेच नसल्यासारखं राहतं. अशी घरं मी पाहिली आहेत आणि त्यात सर्वांत जास्त भरडली जातात ती मुलं.

यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं पत्र तुम्ही उपासनेत अनेकदा ऐकलं असेल. यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना तो लिहितो की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे पत्र वाचताना त्याच्या आधीचा 28वा अध्याय मात्र आपण सोडून देतो. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, आपण परत जाऊ. लोकांना ते ऐकायला गोड वाटलं असणार. दोन वर्षांसाठी कोण झाड लावतो? यिर्मयाने सांगितलेला काळ मात्र सत्तर वर्षांचा होता. नगरहून पुण्याला येणं म्हणजे बंदिवास नव्हे, हे मला कळतं. पण "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे" या आश्वासनाने माणूस राहत्या जागी मुळं धरत नाही, ही गोष्ट तीच आहे. हिंजवडीला जायचं असेल तर जा. जाईपर्यंत मात्र वडगाव शेरीचे होऊन राहा. एका ठिकाणी रुळलेलं कुटुंब दुसऱ्या ठिकाणी लवकर रुळतं, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

आता रविवारच्या मोबाइलबद्दल. तुम्हाला कठोर वाटेल, पण रविवारी सकाळची ऑनलाइन उपासना बंद करा. आजारी माणसासाठी, घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमच्या घरात मात्र ती वेगळंच काम करते आहे. सासूबाई पडद्यावर आपली रिकामी जागा बघतात. कोण आलं, कोण दिसलं नाही, आपल्या बाकावर आता कोण बसतं, हे त्या दर आठवड्याला पाहतात आणि दर आठवड्याला पुन्हा नव्याने तुटतात. मुलगा सोफ्यावर लोळत असतो. उपासना संपल्यावर कुणी हात हातात घेऊन "सलाम" म्हणत नाही, चहा देत नाही, "बाळ, परीक्षा कशी गेली?" असं विचारत नाही. नगरच्या पाळकसाहेबांचा संदेश ऐकावासा वाटला तर संध्याकाळी ऐका.

नगर जवळ आहे, हीच तुमची अडचण आहे. तीन तासांत गाव येतं. नागपूरहून आलेल्या कुटुंबाला पुण्यात मंडळी शोधावीच लागते, तुम्हाला ती गरज भासत नाही. म्हणून नगरच्या फेऱ्यांना एक नियम घाला: दोन महिन्यांतून एकदा, तारीख आधी ठरवून, आणि शक्यतो शनिवारी जाऊन शनिवारीच परत. नाताळ पुण्यात आणि पुनरुत्थानाचा रविवार नगरला, किंवा उलट, असं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलं की सासूबाईंनाही डोळ्यांसमोर दिवस राहतो. "सोडा मला" या वाक्याला उत्तर म्हणून कॅलेंडरवरची तारीख दाखवता येते. नगर तोडायचं नाही, फक्त तो रविवारचा पत्ता राहता कामा नये.

मग पुण्यात जायचं कुठे, हा खरा कठीण भाग. त्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण बरीच कुटुंबं दोन रविवार एका चर्चला जातात, "आपल्यासारखं नाही वाटलं" म्हणून परत येतात आणि पुन्हा प्रयत्न करत नाहीत. आपल्यासारखं का वाटलं नाही, हे समजलं तर धीर धरता येतो.

नगरची मंडळी घडली ती अमेरिकन मराठी मिशनच्या हाताखाली. 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं उभारलं. ही परंपरा काँग्रिगेशनल. उपासना साधी, पाळकांचा उपदेश मध्यभागी, मंडळीच्या कारभारात सभासदांचा आवाज मोठा, आणि गाणं भरपूर. पेटी, तबला, झांजा आणि ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची पदं ही नगरच्या माणसाच्या कानांत लहानपणापासून असतात. टिळक 1919 मध्ये वारले, पण नगरकडची आजी आजही भाकऱ्या थापताना त्यांचंच पद गुणगुणते. पुण्यात मराठी उपासनेचं एक जुनं आणि मोठं ठिकाण म्हणजे गुरुवार पेठेतला पंच हौद. तिथलं पवित्र नाम देवालय 1885 चं आहे. पण तो वारसा अँग्लिकन, काउली फादर्स या इंग्लंडमधल्या मठवासी संघाच्या मिशनचा. तिथे वेदी, मेणबत्त्या, पाळकांचा झगा, गुडघे टेकणं, छापील विधीप्रमाणे एकेक उत्तर म्हणणं, या सगळ्याला वेगळं वजन आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी प्रत्येक देवालयाने आपापली जुनी चाल बरीचशी जपली आहे. अमेरिकन मिशनमधून घडलेले मेथडिस्ट मात्र त्या एकीकरणात आले नाहीत, त्यांच्या मंडळ्या वेगळ्या. कँपात इंग्रजी उपासनेची जुनी देवालयं आहेत. नगर रोड, येरवडा, पिंपरी-चिंचवड अशा भागांत शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळ्याही आहेत, तिथे गिटार आणि ड्रम असतात.

म्हणजे भाषा मराठी असली तरी चाल परकी वाटू शकते. तुमच्या सासूबाई पंच हौदात पहिल्यांदा बसल्या तर कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं हे त्यांना कळणार नाही. आयुष्यभर उपासनेत पहिल्या रांगेत बसलेल्या बाईला ते फार लागतं. अशा वेळी त्यांच्या शेजारी बसा, पुस्तकातलं पान काढून द्या, आणि त्यांना निदान दोन-तीन महिने द्या. विधीची ओळख झाली की तोच विधी आधार होतो, असं मी कितीतरी नगरच्या आणि राहुरीच्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे.

मंडळी निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगते, त्याच क्रमाने. पहिली, अंतर. गाडी नसली, यजमान दौऱ्यावर असले, पाऊस असला तरी तुम्ही आणि सासूबाई दोघी तिथे पोहोचू शकता का? वडगाव शेरीच्या माणसाला हे आता पूर्वीपेक्षा सोपं आहे. 2024 पासून मेट्रो रामवाडीपर्यंत आली आहे, तिथून पुणे स्टेशनकडे सरळ जाता येतं. दुसरी, घरातलं सर्वांत वयस्क माणूस ज्या भाषेत रडतं, त्या भाषेत तिथे प्रार्थना होते का. तिसरी, मुलांच्या वयाची मुलं तिथे आहेत का. उपदेश किती प्रभावी आहे, वाद्यवृंद कसा आहे, इमारत किती सुंदर आहे, हे मी शेवटी ठेवते. संदेश चांगला म्हणून लोक शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि घरात आजारपण आलं की तिथून कुणी येऊ शकत नाही.

मुलीचा प्रश्न याच ठिकाणी येतो. नववीतल्या मुलीला मराठी उपासना कंटाळवाणी वाटते आणि इंग्रजी चर्चमधला बँड आवडतो, यात तिच्या श्रद्धेला काही झालेलं नाही. शाळेत ती सगळी इंग्रजीत बोलते, मैत्रिणी तिकडे जातात. पण रविवारी सकाळी अर्धं घर एका चर्चला आणि अर्धं दुसऱ्या, असं करू नका. माझं हे मत पक्कं आहे. गाव सुटलेल्या कुटुंबाच्या हाती सामायिक अशा फार थोड्या गोष्टी उरतात, त्यांतली एक म्हणजे एका बाकावर बसणं. परतताना रस्त्यात "आज पाळकसाहेब फारच लांबले" म्हणून सगळ्यांनी मिळून कुरकुरणं, हेही त्यातच आलं. सकाळ सगळ्यांची एकत्र ठेवा. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी दुपारी इंग्रजी चर्चच्या तरुण संघाला तिला जाऊ द्या, मोकळ्या मनाने. एकदा तुम्ही दोघं तिच्यासोबत जाऊन तिथल्या लोकांना भेटून या. तिला असं वाटायला नको की आपलं चर्च आई-बाबांना खालच्या प्रतीचं वाटतं.

आणि घरातले सगळे एकाच वेळी पुण्यात पोहोचतील ही अपेक्षा सोडा. यजमान पहिल्या महिन्यात पोहोचले, कारण त्यांना ऑफिस आहे. मुलगा शाळेत पहिला मित्र झाला त्या दिवशी पोहोचला असेल. तुम्ही अर्ध्या वाटेवर आहात. सासूबाई निघाल्याच नाहीत. मराठी ख्रिस्ती माणसाला याचं उदाहरण लांब शोधावं लागत नाही. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली काही वर्षं तर नवरा-बायको वेगळे राहिले, आणि पुन्हा एका छपराखाली आल्यावरही लक्ष्मीबाईंचा स्वतःचा रस्ता त्यांनी स्वतःच्या पायांनी चालून संपवला. त्यांच्यासमोरचा पेच आपल्या बदलीपेक्षा फारच मोठा होता. पण एका घरातली माणसं वेगवेगळ्या वेगाने पुढे जातात आणि मागे राहिलेल्याला ओढून आणता येत नाही, हे त्यांच्या संसारात स्पष्ट दिसतं. सासूबाईंना "आता झालं की वर्ष, किती दिवस तेच तेच?" असं घरात कुणी म्हणत असेल तर ते थांबवा.

त्यांनी नक्की काय गमावलं आहे, हे शांतपणे बसून त्यांना विचारा. "घर" म्हणताना त्यांच्या मनात भिंती क्वचितच असतात. नगरला त्या महिला मंडळात होत्या का? कुणाच्या घरी मयत झाली की पहिल्यांदा त्यांना बोलावणं यायचं का? प्रभुभोजनाच्या मेजाचा पांढरा कपडा धुऊन इस्त्री करून आणायचं काम त्यांच्याकडे होतं का? आजारी बायकांकडे प्रार्थनेला जायच्या का? असं काहीतरी असणारच. तिथे त्या कुणीतरी होत्या. इथे त्या फ्लॅटमध्ये नातवाच्या शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आजी आहेत. आराम द्यावा म्हणून आपण त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतो, त्याने त्या आणखी पोरक्या होतात.

म्हणून नव्या मंडळीच्या पाळकांना पहिल्याच भेटीत एक विनंती करा: आमच्या आईंना काम द्या. कुठलंही द्या. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या सभासदांची यादी द्या, त्या आठवड्यातून एकीकडे जाऊन स्तोत्र वाचून येतील. महिला मंडळाच्या नाताळच्या फराळात करंज्यांचं सारण त्यांच्याकडे सोपवा. बरेच पाळक नव्या कुटुंबाला पाहुण्यासारखं वागवतात, पहिली सहा महिने काहीच मागत नाहीत, आणि त्यांना वाटतं हा मान आहे. तसा तो असतोही. पण ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही त्याला ते ठिकाण आपलं वाटत नाही. पाळकीणबाईंशी बोललात तर हे काम जास्त लवकर होईल.

पुण्याच्या मराठी मंडळ्यांमध्ये नगर जिल्ह्यातून आलेल्या बायका हमखास भेटतात. उपासनेनंतर सासूबाईंना घेऊन घाईने निघू नका. "तुम्ही कुठल्या? वडाळ्याच्या का? मग अमक्यांच्या कोण?" हे सुरू झालं की त्यांना अर्धा तास लागू द्या. त्या अर्ध्या तासात त्यांना जे मिळतं ते तुम्ही आणि मी मिळून महिनाभर बोललो तरी देऊ शकणार नाही. एकदा त्यांना आगगाडीने केडगावला, मुक्ती मिशनला घेऊन जा. पुण्याहून दौंडच्या वाटेवर आहे, एका दिवसात जाणं-येणं होतं. पंडिता रमाबाई पुण्यातलं शारदा सदन मागे ठेवून तिथे गेल्या, दुष्काळातून आणलेल्या मुलींसह तिथे वसल्या आणि तिथेच 1922 मध्ये त्यांनी डोळे मिटले. आपल्या समाजात घर हलवणाऱ्या बायका नव्या नाहीत, हे सासूबाईंच्या पिढीला सांगावं लागत नाही, तिथे उभं राहिल्यावर त्यांचं त्यांनाच आठवतं. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांच्या बदल्या, गावोगाव फिरणाऱ्या बायबल बाया, हे त्यांच्या आई-आजीचंच आयुष्य आहे. त्यांना ते मुलांना सांगायला लावा. नातवंडांना आजीच्या बिऱ्हाडांची गोष्ट कळली पाहिजे.

घरातल्या प्रार्थनेबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्ही ती करत असालच. एवढंच सांगते की ती रात्री एकाच वेळी, एकाच जागी आणि आखूड ठेवा. अब्राहाम शखेमला गेला, बेथेलजवळ गेला, हेब्रोनला गेला, आणि दर मुक्कामी त्याने वेदी बांधली. तंबू हलत राहिला. मुलांना नगरच्या घरी जे गाणं प्रार्थनेच्या आधी म्हणायची सवय होती तेच इथे म्हणू द्या, आणि हिंजवडीला गेलात तर तिथेही तेच. आणि नव्या घरात येऊन इतके महिने झाले तरी तुम्ही उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवलेली नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. "भाड्याच्या घराची कसली उपकारस्तुती" असं बऱ्याच जणांना वाटतं. ठेवा. पाळकांना बोलवा, मंडळीतल्या चार कुटुंबांना बोलवा, आणि मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही चहाला बोलवा.

शेजाऱ्यांचा विषय आलाच आहे तर तो टाळू नये, कारण पुण्याच्या सोसायटीत ख्रिस्ती कुटुंबाला परकेपणा बऱ्याचदा तिथूनच जाणवतो. आपली आडनावं गायकवाड, साळवे, शिंदे, पाटोळे. नावावरून कुणाला काही कळत नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं येतं, गणपतीत आरतीचा मान तुमच्या घराला देतात, आणि मग अवघडलेल्या आवाजात सांगावं लागतं. किंवा मुलाचं नाव शलमोन असतं आणि वर्गात कुणीतरी विचारतं, "हे कसलं नाव?" नगरला हे कधी सांगावं लागलं नव्हतं, गल्लीला तुमचे आजोबाही माहीत होते.

माझा सल्ला असा की वेळ येण्याआधीच, साध्या गप्पांत सांगून टाका. गणपतीच्या दहा दिवसांत काय करायचं आणि काय नाही, हे आधी घरात बसून ठरवा, मुलांसमोर. आरतीला उभं राहायचं की नाही, प्रसाद घ्यायचा की नाही, यावर ख्रिस्ती घरांत वेगवेगळी मतं आहेत. पौलाने करिंथकरांना याच विषयावर लिहिलं, तेव्हाही एकमत नव्हतं. तुमच्या विवेकाला जे पटेल ते ठरवा, पण घरातल्या सर्वांचं एकच असू द्या. नाहीतर मुलगा खाली एक करतो आणि वर येऊन आजीची बोलणी खातो. मग गणपती मंडळाच्या लोकांना स्वतःहून जाऊन सांगा: आम्ही ख्रिस्ती आहोत, पूजेत आम्ही नसू, पण मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं काम आम्ही करू, रक्तदान शिबिरात आम्ही असू. नुसता नकार दिला की दार बंद होतं, कामासकट सांगितलं की लोक समजून घेतात. आणि नाताळला दारावर तारा टांगा, करंजी, चकली, शंकरपाळ्यांची ताटं मजल्यावर प्रत्येक घरी पाठवा, मुलांच्या हाती. कॅरल गाणारी मंडळी रात्री येणार असतील तर सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन दिवस आधी कळवा. पहिल्या वर्षी लोक खिडकीतून बघतात, दुसऱ्या वर्षी खाली येऊन उभे राहतात. काही ठिकाणी असं होत नाही, हेही खरं. घर देताना किंवा नंतर धर्मावरून टोचून बोलणारी माणसं भेटतात. तिथे भांडत बसण्यापेक्षा सोसायटीतली दोन-तीन घरं धरून ठेवावीत. सगळ्या इमारतीने आपलं म्हणावं याची गरज नसते.

यजमान विचारतील की हिंजवडीला जायचं आहे तर सभासदत्व कशाला. त्याचं एक उत्तर फार व्यवहारी आहे. एका कुटुंबाकडे रात्री वडील वारले. पुण्यात सात-आठ वर्षं राहत होते, चर्चला अधूनमधून जायचे, नाव कुठेच नव्हतं. कुणाला फोन करायचा, हेच त्या मुलाला कळेना. दफनाच्या जागेसाठी मंडळीचं पत्र मागितलं गेलं, ते देणारं कुणी नव्हतं. नगरला न्यावं तर तिथल्या मंडळीतही वर्गणी थकलेली. शेवटी झालं सगळं, पण दुःखाच्या रात्री त्या माणसाने जे सोसलं ते टाळता आलं असतं. पुण्यातल्या ख्रिस्ती दफनभूमींत जागा कमी आहे, अनेक ठिकाणी जुनी कौटुंबिक कबर ठरावीक वर्षांनी उघडून त्याच घरासाठी वापरतात. नव्याने आलेल्या घराची इथे जुनी कबर नसते.

म्हणून पुढच्या नगरच्या फेरीत पाळकसाहेबांकडून सभासदत्व बदलीचं पत्र घ्या. सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, तुमच्या दोघांच्या दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) आणि लग्नाचे दाखले यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्या, कारण मूळ नोंदवही तिथेच राहणार. मुलीचं दृढीकरण जवळ आलं आहे, पुढे तिचं लग्न ठरलं की तीन रविवार मंडळीत सूचना वाचावी लागते. ख्रिस्ती संस्थांच्या शाळा-कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र मागतात. हिंजवडीला गेलात तर इथलं पत्र घेऊन तिथे द्या, त्यात अवघड काही नाही. तुमच्या ओळखीत कॅथलिक कुटुंबं असतील तर त्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांचा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, राहत्या पत्त्यावरून ठरतो, तेव्हा आल्या आल्या फादरांकडे जाऊन कुटुंबाची नोंद करावी. लग्नाची नोंद मात्र बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाच्या वहीत कळवली जाते, म्हणून जुन्या पॅरिशचा पत्ता जपून ठेवावा.

आणि सासूबाईंना त्यांच्या कबरीबद्दल विचारा. तुम्ही दचकाल, पण त्या दचकणार नाहीत. "मला माझ्या घरी नेऊन सोडा" या वाक्यामागे पुष्कळदा हीच भीती असते की मी इथे मेले तर मला कुठे ठेवतील, नवऱ्याच्या शेजारी की या अनोळखी शहरात. अब्राहाम जन्मभर तंबूत राहिला, आणि साराच्या दफनासाठी मात्र त्याने एफ्रोन हित्तीला चांदीचे 400 शेकेल मोजून मकपेलाची गुहा विकत घेतली. उत्पत्तीत त्या एका व्यवहाराला अख्खा अध्याय दिला आहे. यजमानांनी आईजवळ बसून स्पष्ट शब्द द्यावा की तुला बाबांशेजारी नगरलाच नेऊ. आणि नगरच्या मंडळीशी तसं बोलून ठेवावं, तिथली वर्गणी चालू ठेवावी. हा शब्द मिळाल्यावर काही म्हाताऱ्या माणसांचं पुण्यातलं वागणं आठ दिवसांत बदललेलं मी पाहिलं आहे. शेवट कुठे होणार ते कळलं की आजचा दिवस कुठेही काढता येतो त्यांना.

मुलाबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, तो ठीक असावा. त्याला संडे स्कूलमध्ये घाला आणि हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, चर्चमधल्या लिलावासाठी त्याच्या हाती काहीतरी द्या, भोपळा, तांदळाची पिशवी, जमलं तर कोंबडी. लिलावात आपली वस्तू कुणी घेतली हे मुलं वर्षभर विसरत नाहीत.

एक शेवटचं, आणि हे पुढे ढकलू नका. सासूबाईंचं जेवण कमी झालं असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, प्रार्थनेतलं मन उडालं असेल, "आता देवाने न्यावं" असं त्या वारंवार म्हणत असतील आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो गावाच्या आठवणीचा भाग समजू नका. उतारवयातलं नैराश्य औषधांनी बरं होतं. आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा, थायरॉईड आणि बी-बारा तपासून घ्या, गरज असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. मंडळीतल्या कुणी "विश्वास कमी पडतोय" असं म्हटलं तर ते ऐकून घेऊ नका. प्रार्थना चालू ठेवा आणि गोळीही चालू ठेवा. या आठवड्यात डॉक्टर, आणि येत्या रविवारी चौघांनाही घेऊन वडगाव शेरीपासून जवळच्या मराठी उपासनेला. मुलगी कुरकुरेल. तिला खिडकीची जागा द्या.